नोकरीस सर्वथा योग्य

अमेरिकेत पर्यावरण अभियांत्रिकी शिकवणाऱ्यांना सध्या एकच घोर लागलाय: आपली पोरं नोकरीसाठी तयार आहेत का? म्हणून व्याख्यानं आवरती घेतली, गटकार्य वाढवलं. त्यात गैर काही नाही. 225 अभ्यासांची गोळाबेरीज 2014 साली छापून आली: नुसतं ऐकणाऱ्या वर्गात नापास सुमारे 34 टक्के, करून शिकणाऱ्या वर्गात 22.

नोकरीत मुरलेला माणूस कसा असतो, तेही त्याच वर्षी मिशिगनमधल्या फ्लिंटनं दाखवलं. पैसे वाचवायला एप्रिलमध्ये शहरानं डेट्रॉइटचं पाणी सोडून फ्लिंट नदीचं घेतलं आणि पाइप गंजू नयेत म्हणून घालायचं रसायन घातलंच नाही. ऑक्टोबरात जनरल मोटर्सनं सुटे भाग गंजतात म्हणून ते पाणी बंद केलं. माणसांना सुट्या भागांचा दर्जा नसल्यानं ती पीत राहिली.

2015 मध्ये सरकारी तपासणीला 71 नमुने आले. गंजलेल्या पाइपांतून पाण्यात उतरणाऱ्या शिशाची मर्यादा तेव्हा अब्जात 15 भाग. हिशोब तिच्या वर जात होता. मग दोन नमुने नियमावर बोट ठेवून वगळले आणि आकडा 11 वर आला. त्यातला एक लीअ‍ॅन वॉल्टर्स यांच्या घरचा, 104 भागांचा. का वगळला? घरी फिल्टर लावलाय म्हणून! (पाणी खराब म्हणून फिल्टर, फिल्टर म्हणून पाणी चांगलं. असं तर्कशास्त्र कुठल्याही वर्गात शिकवत नाहीत, ते अनुभवानंच येतं.) अभ्यासक्रमांना मान्यता देणारी 'अबेट' विद्यार्थ्यांकडून सात गुणांची अपेक्षा करते, त्यातलं 'संघभावनेनं काम' इथं पैकीच्या पैकी.

अपरिपक्वता दाखवली ती व्हर्जिनिया टेकच्या पोरांनी. प्राध्यापक मार्क एडवर्ड्‌स यांच्या हाताखाली त्यांनी सुमारे 300 घरांसाठी बाटल्यांची खोकी भरली, शहर गाठलं, आणि परत आलेल्या बाटल्यांत जेवढं शिसं सापडलं तेवढं लिहून टाकलं. एकही बाटली सोयीसाठी बाजूला काढली नाही! ही मंडळी जातील तिथं शिसं काढून दाखवतात, असं सरकारी प्रवक्त्यानं सुनावलं. ऑक्टोबरात शहराला डेट्रॉइटचं पाणी परत घ्यावं लागलं.

तेव्हा कॅम्पस मुलाखतीत एकच प्रश्न पुरे: 'अहवाल उद्या द्यायचाय, दोन बाटल्या आड येताहेत, काय कराल?' नियमाचं कलम सांगेल त्याला जागीच नेमणूक द्यावी. 'त्या घरात मुलं आहेत का?' असं विचारेल त्याला सांगावं, आम्ही कळवू.