गाईची वही कुठंय?

सांगवीत हल्ली दुधालाही गोत्र लागतं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज कुणीतरी टाकतं: 'ए-टू, शुद्ध गीर, काचेची बाटली, पहाटे दारात.' भाव विचारला की विकणारा आधी गाईच्या डोळ्यांतल्या वात्सल्यावर बोलतो आणि मग आकडा सांगतो. गिऱ्हाईकही आकडा ऐकून मान डोलावतं, कारण घासाघीस केली तर संस्कृतीचा अपमान होतो.

आता हे ए-टू काय आहे ते एकदा सांगून टाकतो. दुधात बीटा-केसिन नावाचं प्रथिन असतं. त्याच्या साखळीत ६७व्या जागी प्रोलीन असलं की ए-टू, हिस्टिडीन असलं की ए-वन. गाईच्या डीएनएत एका अक्षराचा फरक, बस्स. आपल्या देशी गाईंत बहुतेक ए-टूच असतं. म्हशीतही ए-टूच असतं. म्हणजे तुमच्या आजोबांनी जन्मभर ए-टूच प्यायलं, फक्त तेव्हा त्याला म्हशीचं दूध म्हणत आणि भैया त्यात पाणी घालत असे. २०२४ साली २१ ऑगस्टला अन्नसुरक्षा प्राधिकरणानं फर्मान काढलं, की पाकिटावरचे हे ए-वन, ए-टूचे दावे काढून टाका. २६ ऑगस्टला फर्मानच काढून टाकलं. पाकिटं जागच्या जागी राहिली.

जुन्या सांगवीतून पूल ओलांडला की औंध. तिथं स्पायसर कॉलेजसमोर राज्याचं पशुसंवर्धन आयुक्तालय आहे. महाराष्ट्रातल्या गाई, म्हशी, शेळ्या, मेंढ्या, कोंबड्या यांचा कारभार ज्या कचेरीतून चालतो ती आपल्यापासून एका नदीवर आहे, आणि सांगवीकराला तिचा पत्ता फक्त रिक्षावाल्याला खूण सांगण्यापुरता माहीत. गीर गाय मात्र थेट गुजरातेतून आलेली चालते.

तर या कचेरीच्या खात्याला २०२४च्या सणासुदीत फार सुगीचे दिवस आले होते. ३० सप्टेंबरला राज्य सरकारनं देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' जाहीर केलं आणि गोशाळांतल्या देशी गाईमागे रोज ५० रुपये देऊ केले. ५ ऑक्टोबरला वाशीममध्ये पंतप्रधानांच्या हस्ते गाईसाठी 'गौ चिप' आणि म्हशीसाठी 'महिष चिप' आली. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता आली. यातल्या तिन्ही गोष्टींची टीव्हीवर चर्चा झाली; सर्वांत कमी झाली ती चिपची. आणि खरं सांगायचं तर त्या पंधरवड्यात गाईच्या कामाची वस्तू तीच एक होती.

ती कामाची कशी, ते बघा. वळू दूध देत नाही. मग चांगला वळू निवडायचा कसा? जुना रस्ता असा: त्याच्या लेकी होऊ द्यायच्या, त्या वाढवायच्या, गाभण राहून विऊ द्यायच्या, त्यांचं दूध मोजायचं आणि मग वळूबद्दल मत द्यायचं. पाच-सहा वर्षं जातात. तोवर वळू म्हातारा होतो किंवा मालक कंटाळतो. (आपल्याकडं वळू कसा आहे हे त्याच्या लेकींवरून ठरतं आणि महापालिकेचं तिकीट उमेदवाराच्या बापावरून. पशुसंवर्धन खातं लोकशाहीच्या बरंच पुढं आहे.) चिपमुळं हा वेळ वाचतो. कालवडीच्या किंवा खोंडाच्या डीएनएवरच्या हजारो खुणा एकदम वाचायच्या आणि जन्मल्या जन्मल्या अंदाज बांधायचा. मेउविसन, हेज आणि गोडार्ड या तिघांनी २००१ साली या पद्धतीचं गणित मांडलं. २००९ साली गाईचा सगळा जनुकसंच छापून आला आणि त्याच सुमारास अमेरिकेतल्या डेअरीवाल्यांनी वळूंची निवड अशी करायला घेतली.

पण चिप स्वतःहून काहीच सांगत नाही. अमुक खूण असलेली गाय जास्त दूध देते हे तिला कुणीतरी शिकवावं लागतं. त्यासाठी हजारो गाईंचा डीएनए हवा आणि त्याच हजारो गाईंच्या दुधाची, वेतांची, आजारांची, भाकड दिवसांची नोंद हवी. नोंदीवाचून चिप म्हणजे पंचांग घरी विसरून आलेले गुरुजी. आणि नोंद कुठं आहे? गाईच्या कानात पिवळा बिल्ला आहे, त्यावर आपल्या आधारसारखा बारा आकडी नंबर आहे. त्या नंबरापुढं काय लिहायचं हा प्रश्न विचारला की गोठ्यातून एकच उत्तर येतं: 'चांगलं देते की!' चांगलं म्हणजे किती? 'घरचं भागून डेअरीला जातं.' डेअरीच्या पावतीवर लिटर असतात, फॅट असते, एसएनएफ असतं. पण ते गोठ्याचं. चार गाईंचं दूध एका किटलीत गेलं, की कुठली गाय किती पाण्यात ते किटलीलाही सांगता येत नाही.

आपल्याला मोजता येत नाही असं म्हणू नका. आपल्या पट्ट्यात जनावर शतांश सेकंदापर्यंत मोजलं जातं, फक्त ते धावत असताना. सर्वोच्च न्यायालयानं १६ डिसेंबर २०२१ला शर्यतींना परवानगी दिली आणि पुढच्याच मे महिन्यात चिखलीच्या जाधववाडीत बैलगाडा घाटात जी बक्षिसं लागली त्यांत जेसीबी होता, बोलेरो होती, ट्रॅक्टर होता. बारी सुटली की घड्याळ, झेंडा, पंच, कॅमेरा, स्क्रीन सगळं हजर. बैल किती सेकंदांत घाट चढला यावर भांडणं होतात, पुन्हा व्हिडिओ बघितला जातो. शर्यतीमुळं खिल्लार जात टिकते असं गाडामालक सांगतात आणि त्यात तथ्य आहे. शर्यत बंद होती तेव्हा खोंड कुणी विचारत नव्हतं. खोंड कुणाचा, कुठल्या गावच्या गाईच्या पोटचा, हे त्यांना तोंडपाठ असतं. पण त्या गाईनं दूध किती दिलं, दोन वेतांत अंतर किती, हे विचारा. एवढा बोलका माणूस एकदम चाकणच्या ट्रॅफिककडं बघायला लागतो.

मग मोजणारे कुणी आहेतच की नाही? आहेत, सांगवीपासून तीनेक तासांवर. फलटणला.

बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली तिथं निंबकर कृषी संशोधन संस्था काढली. तिथल्या पशुसंवर्धन विभागाचं काम डॉ. चंदा निंबकर यांनी उभं केलं. त्या इरावती कर्व्यांच्या नात. आजी महाराष्ट्रभर माणसं मोजत हिंडल्या, नातीनं मेंढ्या मोजल्या. या घराण्यात फीत आणि वही वारशानं येत असावी. घराणेशाहीचा एवढा एक प्रकार मला मान्य आहे.

त्यांच्यापुढचा प्रश्न साधा होता. धनगराची दख्खनी मेंढी काटक, दिवाळीनंतर कोकणापर्यंत चालत जाणारी. पण वेताला बहुतेक एकच कोकरू. लोकरीला भाव नाही, म्हणजे मिळकत कोकरावर. दुसरं कोकरू आणायचं कुठून? तर बंगालच्या सुंदरबनातून. तिथली गारोल मेंढी दहा-पंधरा किलोंची, पण जुळी-तिळी सहज देणारी. हा गुण 'फेक-बी' नावाच्या एका जनुकातून येतो. गंमत म्हणजे त्या जनुकाची कीर्ती आधी ऑस्ट्रेलियात झाली. १७९२-९३च्या सुमारास कलकत्त्याहून मेंढ्या जहाजानं न्यू साउथ वेल्सला गेल्या. त्यांचा वंश पुढं मेरिनोत मिसळला आणि बूरूला नावाच्या फार्मवरच्या मेंढ्या जास्त कोकरं देताना दिसल्या. तिथं नोंदी ठेवल्या गेल्या, म्हणून दिसल्या. सुंदरबनात मेंढी तेच करत होती, पण लिहिणारं कुणी नव्हतं. २००१ साली कळलं की हा सगळा फरकही डीएनएतल्या एकाच अक्षराचा आहे.

फलटणकरांनी गारोलचे नर आणून दख्खनीशी संकर केला. मग पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा दख्खनीशी, म्हणजे अंगानं मेंढी दख्खनीच राहील आणि ते एक अक्षर तेवढं टिकेल. कुठल्या कोकरात ते आलं हे डोळ्यांना दिसत नाही. कोकराचं रक्त घ्यायचं आणि तपासायचं. या कामात पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा होती, ऑस्ट्रेलियातलं न्यू इंग्लंड विद्यापीठ होतं. त्यातून 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार झाली. जनुकाची एक प्रत मिळाली तरी मेंढी बऱ्याचदा जुळं देते. ती मग धनगरांच्या कळपांत नेली, कारण फार्मवरची हुशारी माळावर चालते की नाही हे बघायचं होतं. माळानं आपली अट सांगितली: दोन कोकरं हवीत तर मेंढीला गाभणपणी आणि व्याल्यावर वरचा खुराक द्या, नाहीतर दुसरं कोकरू जगत नाही. संस्थेनं हेही लिहून ठेवलं. जनुक बसवला की झालं, असं त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

म्हणजे हिशेब असा झाला. एका अक्षरावर शहरात बाटल्या विकल्या जातात. दुसऱ्या एका अक्षरानं धनगराच्या दारी एक कोकरू वाढतं. पहिल्याची जाहिरात तुमच्या फोनवर रोज येते. दुसऱ्याचं नाव सांगवीत दहा जणांना विचारा, नऊ जण सोन्याच्या भिशीचं विचारताय का म्हणतील.

शर्यतींच्या आयोजकांना, आमदारांना, इच्छुकांना एक विनंती आहे. पुढच्या मोसमात बक्षिसं लावाल तेव्हा यादीतला एक जेसीबी कमी करा आणि तालुक्यातल्या त्या गोठ्याला द्या, जिथं प्रत्येक गाईच्या दुधाची सलग पाच वर्षांची वही सापडेल. जेसीबी जमत नसेल तर बुलेट द्या. बुलेटही जड जात असेल तर निदान गोठ्यांना शंभरपानी वह्या तरी वाटा. मुखपृष्ठावर तुमचा फोटो छापला तरी आमची हरकत नाही.