खोली चालू स्थितीत

कॅरॅव्हॅनचा मालक मोबाईलवर फोटो सरकवत होता. बेड, फ्रिज, ओटा... मी निर्विकार. मग तो म्हणाला, "संडास-बाथरूम आतच आहे साहेब, सेल्फ कंटेन्ड." लालबागच्या चाळीत वाढलेल्या माणसापाशी हे शब्द जपून वापरावेत. कोथिंबिरीच्या जुडीसाठीही दोन फेऱ्या मारून भाव पाडणारा मी तिथल्या तिथे ॲडव्हान्स देऊन मोकळा झालो.

2021 साली सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून हा किडा डोक्यात वळवळत होता. रेवस ते रेड्डी हा सागरी महामार्ग अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून आमच्या पिढीला दाखवला जातोय. पूल होतील तेव्हा होतील, आपण फेरीबोटींनी जाऊ, असं मी गॅलरीत उभं राहून जाहीर केलं. गाडीत माणसं मावतील का, हा बायकोचा प्रश्न मी हसण्यावारी नेला. आमच्या दहा बाय बारात आठ माणसं राहिली आहेत. गिरणीच्या पाळ्यांमुळे त्यातली काही कायम कामावर असत आणि त्यांच्या जागेवर बाकीचे झोपत, हा तपशील भाषणाच्या ओघात राहून गेला.

गाडी गल्लीत शिरेना, म्हणून भारतमाता टॉकीजच्या बाजूला उभी केली. अर्ध्या तासात तिथे रांगा लागल्या. रांग लावण्याचा सराव आमच्या वस्तीला 1934 पासून आहे. एक मुखदर्शनाची, म्हणजे दारातून डोकावून पुढे सरकायचं. दुसरी नवसाची, म्हणजे आत जाऊन गादीवर बसायचं, नळ सोडून बघायचा आणि फ्रिजमध्ये काय आहे ते पाहून बाहेर यायचं. एका मावशींनी तर डॅशबोर्डवर अकरा रुपये ठेवले. चिवडा गल्लीतला पाच किलोंचा पुडा त्या गर्दीतच निम्मा झाला.

भाऊच्या धक्क्यावरून रो-रोनं मांडव्याला उतरेपर्यंत मी राजा होतो. पहिल्या मुक्कामाला, मुरूडजवळ, बाबांनी संडासाचं दार उघडलं, बंद केलं आणि ओट्याकडे बघितलं. "जिथे चहा उकळतोय, तिथून दोन हातांवर?" ते चपला घालून गावात निघून गेले. आईनं हात जोडले. बायको म्हणाली, "अहो, इथे उचकी लागली तरी सगळ्यांना ऐकू येते." चाळीत निदान संडास गॅलरीच्या टोकाला असतो, काय चाललंय ते फक्त शेवटच्या खोलीला कळतं. मग पेट्रोल पंप, देवळांचे भक्तनिवास, ओळख निघालेल्या लोकांची परसदारं असा आमचा प्रवास सुरू झाला. भाडं भरलंय या एका निष्ठेपोटी आतली सोय मी एकटाच वापरत राहिलो.

श्रीवर्धनला ड्रायव्हरनं अदबीनं विचारलं, "साहेब, खालची टाकी भरलीय. वापरलीत तुम्हीच ना?"

ती टाकी म्हणजे चाकं आणि हँडल असलेला एक देखणा खोका असतो, आणि तो वापरणाऱ्यानं ओढत नेऊन रिकामा करायचा असतो. परदेशात त्यासाठी जागोजागी व्यवस्था असते म्हणे. आमच्या मुक्कामाच्या मालकानं गावाच्या दुसऱ्या टोकाचं सार्वजनिक शौचालय दाखवलं. सकाळी आठ वाजता, इस्त्रीच्या शर्टात, मी तो खोका खडखडत ओढत निघालो. मासळी बाजाराच्या कोपऱ्यावर एक आजोबा आडवे आले. खोक्यावर थाप मारून म्हणाले, "सुरमई काय भावानं?"

मी "नाही नाही" करत पळत सुटलो. त्यांना वाटलं, माल चांगला असणार. तेही मागे आले.

सावित्रीच्या मुखावर बागमांडल्याहून वेसवीला जाणारी फेरीबोट आहे. तिकीट देणाऱ्यानं आमच्या गाडीला एक चक्कर मारली. मोटार धरू, टेम्पो की मिनीबस? मी त्याला कॅरॅव्हॅन ही संकल्पना समजावून सांगितली.

"म्हणजे घर?"

"तसं म्हणायला हरकत नाही."

"घराचा दर बोर्डावर नाय लावलेला."

शेवटी मिनीबसवर तडजोड झाली. ओहोटी होती. अशा वेळी बोट खाली जाते आणि धक्क्याचा उतार तीव्र होतो, हे माझं शेपूट घासलं गेल्यावर समजलं. शेपूट म्हणजे गाडीचं.

हर्णैच्या लिलावात आई लालबागच्या आवाजात उतरली आणि सुके बोंबील नि सुकट घेऊन बाहेर आली. हे सगळं एसी गाडीच्या डाव्या कप्प्यात गेलं. एसीचं वैशिष्ट्य असं, की तो हवा बाहेर जाऊ देत नाही.

पुढच्या एका किनाऱ्यावर (गाव सांगत नाही, तिथे परत जायचंय) मी गाडी थेट ओल्या, कडक वाळूवर न्यायला सांगितली. ड्रायव्हरनं पाटी दाखवली, वाहनं नेऊ नयेत. मी म्हटलं, ही निवासव्यवस्था आहे. शिवाय माझ्याकडे शास्त्र होतं. तिथीची पाऊणपट करावी, भरतीची वेळ निघते. त्या दिवशी पंचमी. पाच पाऊणे पावणेचार. आत्ता वाजलेत बारा. म्हणजे जेवण, वामकुक्षी, चहा. समुद्र एसटीसारखा पावणेचारला स्टँडवर लागेल, तोवर आपण निघालेलो असू.

दीडच्या सुमारास पुढची चाकं पाण्यात होती आणि मागची वाळूत. जमलेल्यांपैकी एक कोळी शांतपणे म्हणाला, "पावणेचारला ती भरून होते दादा. निघते सकाळीच. सहा तास चढते, त्यात मधले दोन तास सगळ्यात जोरात." मी त्या मधल्या दोन तासांतच जेवत होतो.

ट्रॅक्टर येईपर्यंत गाव गोळा झालं. आईनं खिडकीतून चहाचे कप बाहेर द्यायला सुरुवात केली. बाबांनी वाळूवर खुर्ची टाकली आणि पाचव्या मिनिटाला त्यांना परळच्या गिरणीत साचेखात्यात काम केलेला माणूस सापडला. '82च्या संपात गावी आला तो परत गेलाच नाही. दोघं डॉक्टर सामंतांपासून सुरू झाले. इतक्या दिवसांत बाबा पहिल्यांदा हसताना दिसले. त्या गाडीत बेड होता, फ्रिज होता, तो संडाससुद्धा होता. गॅलरी नव्हती. दहा बाय बारात माणसं मावतात ती बहुधा गॅलरीच्या जिवावर, आणि ती मला कोणत्याही फोटोत तपासावीशी वाटली नव्हती. ट्रॅक्टर लागला तेव्हा बाबा म्हणाले, "जरा थांबा रे, बोलतोय."

रत्नागिरीला आई-बाबांनी आमचा निरोप घेतला आणि तुतारी एक्सप्रेसनं दादरला रवाना झाले. आम्ही तिघं आणि बोंबील मागून आलो.

मालकानं दार उघडलं, एक पाऊल आत टाकलं आणि दोन मागे घेतली. शेपटाचे पैसे कापले. वाळूचे कापले. मग वासाचे म्हणून एक मोठा आकडा लिहिला. मी पाकीट काढलं, तेवढ्यात बायकोनं त्याच्या हातातलं पेन थांबवलं.

"वासाचे घेताय ना? मग डाव्या कप्प्यातले बोंबील काढून द्या. ते आमचे आहेत."