केस उपटणारा चिरतरुण

१९८४ साली अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या कॉस कंपनीने ‘पोर्टा प्रो’ हा हेडफोन बाजारात आणला आणि मग त्याचं रूप बदलायचं ती जणू विसरूनच गेली. दरवर्षी नवं मॉडेल काढून कालच्याला म्हातारा ठरवणाऱ्यांच्या दृष्टीने हा निव्वळ गुन्हा.

दिसायला अगदीच किडकिडीत. एकमेकींवर सरकणाऱ्या पातळ धातूच्या पट्ट्या, कानांवर काळा फोम आणि कानशिलांवर टेकायला आणखी दोन गाद्या. तिथेच एकेक चिमुकली कळ: ‘हलकं’पासून ‘घट्ट’पर्यंत. डोकं किती आवळून घ्यायचं, एवढं स्वातंत्र्य गिऱ्हाइकाला दिलेलं आहे. पट्ट्या सरकवताना दोन-चार केस हमखास अडकतात. भक्त मंडळी ती दक्षिणा समजतात. टकलूंची अर्थातच काही तक्रार नाही. खर्ज जरा जास्तच घुमतो. आवाज बाहेर झिरपतो तो वेगळाच, त्यामुळे शेजारच्या प्रवाशालाही तुमची संगीताची आवड फुकटात कळते.

फोमचा कालांतराने भुगा होतो. मग नव्या गाद्या आणायच्या, चढवायच्या, झालं. वर अमेरिकेत कंपनी आजन्म वॉरंटी देते. वस्तू वेळेवर मोडेना, मोडली तर दुरुस्त होते; अशाने बिचाऱ्या बाजाराने खायचं काय?

पुढे काळाबरोबर चालायचं म्हणून ब्लूटूथवाला अवतारही आला. पट्ट्या मात्र त्याच ठेवल्या. केस उपटायला वायर कुठे लागते?