न आलेल्या भाडेकरूचं भाडं

आमच्या घरात एक भाडेकरू राहतो. त्याला आम्ही कधी पाहिलेलं नाही. तो रात्री उशिरा दार वाजवत नाही, मोटर चालू ठेवून गावाला जात नाही, गच्चीवरच्या वाळवणाला हात लावत नाही. सोन्यासारखा माणूस. दोष एकच, भाडं देत नाही. आणि तो जे भाडं देत नाही, त्यावर आम्ही दरवर्षी नगरपरिषदेला कर भरतो. यंदा त्याचं भाडं वाढलं, म्हणून आमचा कर वाढला.

रागाच्या भरात बोलतोय असं समजू नका, कायदाच सांगतोय. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाप्रमाणे आधी ठरवायचं की हे घर भाड्याने दिलं असतं तर वर्षाला किती भाडं येणं वाजवी होतं. त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करायचे. उरलं ते करयोग्य मूल्य, आणि त्यावर टक्क्यांनी कर. घर तुम्हाला भाड्याने द्यायचं आहे का, असं मध्ये कुठेही कोणी विचारत नाही. हा भाडेकरू मूळचा वऱ्हाडातला नाहीच. १८३६ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने तिथल्या गावोगावच्या करांचा कायदा केला, त्यात ‘वर्षाच्या कराराने वाजवीपणे जे भाडं अपेक्षिता येईल ते’ असं कलम घालून याला जन्माला घातलं. इंग्रज गेले, त्यांचे बंगले विश्रामगृहं झाली, पण या माणसाने घर सोडलं नाही. आज तो तुमच्याकडेही राहतो, माझ्याकडेही राहतो आणि दोघांकडेही फुकट.

आमच्या गावाचं नाव लिहीत नाही. बुलढाणा जिल्ह्यात अकरा नगरपरिषदा आणि दोन नगरपंचायती आहेत. घाटावरच्यांनी घाटाखालचं गाव समजावं, घाटाखालच्यांनी घाटावरचं. म्हणजे कोणी दुखावणार नाही.

तर करासाठी घरांची मोजणी झाली. एका खासगी एजन्सीचा पोरगा आला. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल, खिशात टेप. टेपला दोन टोकं असतात आणि पोरगा एकटा होता. “काका, जरा तिकडून धरता का?” मी धरली. पुढचा अर्धा तास मी स्वतःच्या घरावरचा कर स्वतःच्या हाताने ताणून मोजत होतो आणि टेप सैल पडली की तोच मला “ओढून धरा” म्हणत होता. ओसरी मोजली. जिना मोजला. जिन्याखालची गोवऱ्या ठेवायची जागा मोजली. स्कूटरवर पाऊस पडू नये म्हणून टाकलेली चार टिनं त्याने लांबून पाहिली आणि मोबाइलमध्ये ‘शेड’ असं भरलं. “अरे बाप्पा, थे शेड नाही, थे नुसते टिनं हायेत,” माझी आई म्हणाली. पोरगा म्हणाला, “आजी, ॲपमध्ये टिनं असा ऑप्शन नाही.” या पोराला लोणारला पाठवला तर सरोवरही तो ‘उघडी टाकी, व्यास पावणेदोन किलोमीटर, मालकाचं नाव उपलब्ध नाही’ असं भरून येईल आणि पुढच्या मार्चमध्ये उल्केच्या नावाने नोटीस निघेल.

चहा मात्र घेतला त्याने. पोरगा चांगला होता. त्याला घरामागे ठरावीक रुपये मिळत होते आणि संध्याकाळपर्यंत पूर्ण गल्ली उरकायची होती.

नोटीस आली तेव्हा कर दुप्पट झाला होता. गल्लीतली मंडळी जमली आणि अधिकाऱ्यांकडे गेली. तिथे जे उत्तर मिळालं ते कोणत्याही राज्यशास्त्राच्या पुस्तकात छापण्याजोगं आहे: “कराचा दर आम्ही एका पैशानेही वाढवलेला नाही.” आणि ते खरं होतं! समजा घर पन्नास चौरस मीटरचं आहे आणि भाडं महिन्याला चौरस मीटरमागे वीस रुपये धरलं. महिन्याचे हजार, वर्षाचे बारा हजार, दहा टक्के वजा जाता दहा हजार आठशे. पंचवीस टक्के दराने कर सत्तावीसशे. आता दर पंचवीसच ठेवायचा आणि भाडं वीसाचं चाळीस धरायचं. कर चोपन्नशे. दर हलला नाही, हललं ते मूल्य. लोक दरावरून भांडतात, तो तर मूर्तीसारखा जागेवरच असतो. त्याच्या मागे भिंतीवर लावलेल्या झोन, बांधकामाचा प्रकार आणि वापर यांच्या तक्त्याकडे कोणी बघत नाही. आरसीसी, विटा-सिमेंट, दगड-माती, टिनपत्रे, अशा पायऱ्या असतात. मातीच्या भिंतीवर मागच्या दिवाळीत प्लास्टर केलं असेल, तर तुम्ही एक पायरी चढलात. अभिनंदन.

मागणी बिल हेही वाचण्यासारखं असतं. एकत्रित मालमत्ता कर, त्याखाली वृक्ष कर, अग्निशमन, शिक्षण कर, दुकान असेल तर रोजगार हमी कर, घनकचऱ्याचं शुल्क. वृक्ष कराला मी मनापासून पाठिंबा देतो. रस्ता रुंद करताना आमच्या रस्त्यावरची कडुनिंबं गेली, तरी कर चालू आहे, त्यामुळे झाडांची आठवण तरी राहते. रोजगार हमीचं तर कौतुकच आहे. वि. स. पाग्यांच्या डोक्यातून निघालेली ही योजना बहात्तरच्या दुष्काळात महाराष्ट्राला जगवून गेली, आणि तिचा कर आजही बाजारपेठेतला दुकानदार भरतो, ज्याची दोन वर्षांपासून दुकानात नोकर ठेवायची ऐपत नाही. शिक्षण कर आणि रोजगार हमी कर नगरपरिषद वसूल करून शासनाकडे जमा करते. म्हणजे शिव्या खायच्या नगरपरिषदेने आणि पैसा जायचा मुंबईला. लोक मात्र पूर्ण बिलाच्या आकड्याला हिशेबात धरून विचारतात, “एवढे पैसे घेता, मग नाली का नाही काढत?”

आता खरा प्रश्न. घरपट्टी का वाढते? चौकातलं उत्तर तयार आहे: खातात. खातातही, नाही म्हणत नाही. पण एवढ्यावर थांबलं तर एजन्सीपासून दिल्लीपर्यंत सगळे सुटतात, आणि ते मला मंजूर नाही.

१ मे १९९९ रोजी राज्यातल्या नगरपरिषदांची जकात गेली. ज्यांनी जकात नाके पाहिलेत, त्यांना ते गेल्याचं दुःख होणार नाही; तिथली पावती आणि तिथला ‘चहापाणी’ यांतलं मोठं कोणतं, हे ट्रकवाल्यांनाही सांगता येत नसे. पण तो पैसा गावाचा होता, गावात माल आला की गावाला मिळायचा. त्याच्या बदल्यात शासनाने सहायक अनुदान दिलं. अनुदान शासनाच्या सवडीने येतं आणि त्यातला मोठा भाग पगारात जातो. राज्यघटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने बारावी अनुसूची जोडून शहरांच्या नावे अठरा कामं लिहून दिली: पाणी, रस्ते, दिवे, कचरा, स्मशानभूमी, अगदी शहराच्या सौंदर्यापर्यंत. अठरा कामं दिली आणि खिसा एकच ठेवला, तो म्हणजे तुमचं छप्पर.

शेगावचंच बघा. गजानन महाराजांच्या दर्शनाला वर्षभरात लाखो माणसं येतात. सिंदखेडराजाला १२ जानेवारीला जिजाऊ जयंतीला माणसांचा समुद्र लोटतो. लोणारला देशोदेशीचे अभ्यासक आणि खारे शेंगदाणे खाणारे आम्ही, दोघेही जातो. येणाऱ्याला पाणी लागतं, संडास लागतो, तो पत्रावळ टाकतो. त्याचं घर मात्र आपापल्या गावी असतं आणि त्याची घरपट्टीही तिकडेच. सगळा मेळा उरकल्यावर मागे जी झाडू लागते, तिचा खर्च तिथल्या स्थानिक छपरांवर बसतो.

त्यात दिल्लीहून पत्र आलं. २०२१ ते २०२६ साठीच्या पंधराव्या वित्त आयोगाने शहरांच्या अनुदानाला अट घातली. राज्याने मालमत्ता कराचे किमान दर जाहीर करावेत, आणि शहराची घरपट्टी वसुली राज्याच्या सकल उत्पादनाच्या मागच्या पाच वर्षांतल्या सरासरी वाढीइतकी तरी वाढावी. नाहीतर अनुदान विसरा. वाचून माझा ऊर भरून आला. हिंजवडीत एखादी कंपनी वाढली, तळेगावात मोटारी जास्त निघाल्या, बीकेसीत एखाद्या बँकेने नफा काढला की राज्याचं सकल उत्पादन वाढतं, आणि ते वाढलं की मोताळ्याच्या नगरपंचायतीनेही वसुली वाढवून दाखवायची. सोयाबीनचा भाव पडला, हे त्या सरासरीत येतं म्हणे, पण मुंबईच्या शेजारी उभं राहिल्यावर दिसत नाही. महाराष्ट्राच्या प्रगतीत आपला वाटा काय, असं कोणी विचारलं तर पावती दाखवा.

याच महाराष्ट्रात मुंबईकरांना १ जानेवारी २०२२ पासून पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला. आमच्या गल्लीतली अर्धी घरं पाचशे फुटांच्या आतली आहेत. एका सद्गृहस्थाने हरकतीच्या अर्जात तसं लिहिलंही. सुनावणीच्या साहेबांनी अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, “पण तुमचं घर मुंबईत आहे का?” तो “नाही” म्हणाला. अर्ज निकाली निघाला. मुंबईतल्या पाचशे फुटांची किंमत कोटीत जाते, म्हणून तिथला माणूस गरीब ठरतो. हे अर्थशास्त्र घाटाखालच्या उन्हात समजत नाही, थंड हवेत बसून वाचावं लागतं.

आता थकबाकीदारांकडे वळू, कारण आमच्या गावाचे खरे मानकरी तेच. कर वेळेत भरला नाही तर थकलेल्या रकमेवर दरमहा दोन टक्के शास्ती लागते. वर्षाला चोवीस टक्के. राज्यात परवानाधारक सावकाराला बिगरशेतकऱ्याकडून विनातारण कर्जावर वर्षाला अठरा टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही. घेतलं तर कारवाई होते. नगरपरिषदेला परवाना लागत नाही. मग मार्च उजाडतो. दुकानांना सील, नळाला कात्री, चौकात बड्या थकबाकीदारांच्या नावांचा फ्लेक्स. त्या फ्लेक्सचा आमच्याकडे उलटाच परिणाम झाला. पहिल्या दहांत नाव येणं ही प्रतिष्ठेची बाब झाली आणि अकराव्या क्रमांकावरचा एक गृहस्थ नाव का नाही म्हणून कार्यालयात भांडून आला, असं म्हणतात.

आणि दहातल्या कोणीही पैसे भरले नाहीत, कारण त्यांना काळाची नस सापडलेली आहे. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या थकीत मालमत्ता करावरची शास्ती माफ करण्यासाठी अभय योजनेला मान्यता दिली. अभय! केवढा गोड शब्द. ज्याने दर एप्रिलला रांगेत उभं राहून कर भरला, त्याला अभय नाही, त्याने भ्यायचंच. ज्याने दहा वर्षं भरला नाही, त्याला सरकार म्हणतं, घाबरू नकोस. माझ्या शेजारी एक निवृत्त गुरुजी राहतात, त्यांनी आयुष्यात एकही बिल थकवलेलं नाही. त्यांना योजना समजावून सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “म्हणजे मी चोवीस टक्क्यांचं नुकसान करून घेतलं की.” अशा माणसाला या वयात कुठे सुधरवायचं?

यात राजकारण कुठे आहे, असं विचाराल तर कॅलेंडरमध्ये आहे. कायदा म्हणतो, निदान दर चार वर्षांनी पूर्ण आकारणी नव्याने करा. निवडणूक पाच वर्षांनी येते. निवडणुकीच्या वर्षी कर वाढवत नाहीत, हे शेंबडं पोरही सांगेल. आदल्या वर्षी वाढवत नाहीत, लोक विसरत नाहीत. नंतरच्या वर्षी वाढवत नाहीत, गुलाल ओला असतो. उरलेल्या दोन वर्षांत नगराध्यक्ष आणि नगरसेवक यांचं पटत नाही. अशी वर्षानुवर्षं आकारणी तुंबते, आणि मग आमच्या गावासारखं होतं. जिल्ह्यातल्या बहुतेक नगरपरिषदांची मुदत २०२१ च्या अखेरीच्या सुमारास संपली, निवडणुका २०२५ च्या डिसेंबरपर्यंत लांबल्या आणि मधली चार वर्षं प्रशासकाने कारभार पाहिला. प्रशासकाला मत मागायचं नसतं. पंधरा वर्षांची तुंबलेली वाढ त्याने एका सहीने मोकळी केली आणि त्याची बदली झाली. नगरसेवक परत आले ते थेट उपोषणाच्या मंडपात, हातात ‘अन्यायकारक करवाढ रद्द करा’ असा फलक घेऊन. दरवर्षी शंभर-शंभर रुपये वाढले असते तर कोणाला कळलंही नसतं, हे त्यांनाही ठाऊक आहे. पण शंभर रुपयांवर उपोषण होत नाही.

तरीही मी निराश नाही, कारण वसुलीचा एक रामबाण उपाय याच निवडणुकीत दिसला. थकबाकीदाराला नगरपरिषदेची निवडणूक लढवता येत नाही, त्यामुळे अर्जासोबत थकबाकी नसल्याचा दाखला जोडायची धांदल उडते. अर्ज भरायच्या आठवड्यात आमच्या कर विभागात जी गर्दी झाली, ती ना नळ तोडून झाली ना ढोल वाजवून. फ्लेक्सवरच्या पहिल्या दहांतले काही स्वतः आले, रोख भरली, पावतीला फुंकर मारून शाई वाळवली आणि पळत सुटले. एकाने तर बायकोच्या, भावाच्या आणि सासूच्याही घराची भरली, न जाणो ऐनवेळी कोणाचा अर्ज भरावा लागेल.

म्हणून माझी शासनाला नम्र सूचना आहे की नगरपरिषदेची निवडणूक दरवर्षी, मार्च महिन्यात घ्यावी. वित्त आयोगाची अट महिनाभरात पूर्ण होईल. मी स्वतःही उभा राहायचं म्हणतो. घरी बोललो तर बायको म्हणाली, “राहा की, पण दाखला आणायला जाल तेव्हा नळपट्टीचं बिलही सोबत न्या. दोन वर्षांची बाकी आहे.”