गडग्यावरचा ससा

"ताई, खरं का हो, तुमच्या नातवाचा ससा स्वतःचीच लेंडी खातो?"

वाडीत बातमी गडग्यावरून फिरते, त्यामुळे नलूवहिनींना हे कुणी सांगितलं ते विचारण्यात अर्थ नव्हता.

"खातो की," मी म्हटलं. "खायला मिळाली नाही तर अंगावर मांस धरत नाही."

"ईऽऽ! आणि त्याला मांडीवर घेऊन बसता?"

"तुमची शेळीसुद्धा गिळलेलं परत खातेच की. ती तोंडातून काढते म्हणून सभ्य दिसते, एवढंच."

हे झोंबलं. शेळीला कुणी नाव ठेवलेलं वहिनींना खपत नाही. हातातली वैरण खाली टाकून त्या गडग्याला टेकल्या, म्हणजे आता चांगला अर्धा तास जाणार.

माझी भाची शिरवळला पशुवैद्यकीयला आहे. दिवाळीत आली तेव्हा तिने मला हे सगळं सांगितलं होतं, तेच मी वहिनींना ऐकवलं. गवत पचवायची ताकद ना शेळीत, ना सशात. ते काम पोटातले जंतू करतात, चारा आंबवून. फरक आहे तो जंतू कुठे राहतात याचा. शेळीचे जंतू पहिल्याच मोठ्या कप्प्यात. चारा तिथे आंबतो, रवंथ होऊन बारीक होतो, आणि मग जंतूंसकट खऱ्या जठरात उतरतो. म्हणजे शेळी चारा खाते आणि वर जंतूही पचवते. त्यातूनच तिला बरीचशी प्रथिनं मिळतात.

"आणि तुमचा लाडका?"

"त्याचं उलटं. त्याचे जंतू जठर आणि लहान आतडं संपल्यावर, एका बाजूने बंद असलेल्या मोठ्या पिशवीसारख्या आतड्यात. आंबवण उत्तम होतं, पण प्रथिनं पचवायची जागा मागेच राहिली! मग तो माल पुन्हा तोंडातून आत घालायचा, दुसरं काय करणार?"

वहिनी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "पण खुराड्यात लेंड्या तर पडलेल्या असतात. त्या का नाही खात?"

विचारलं ते बरोबर होतं. खाली पडतात त्या कडक, गोल, कोरड्या, नुसता कोंडा. खायच्या त्या वेगळ्या. मऊ, काळपट, चकाकत्या, छोट्या गोळ्यांचा घोस असतो, वरून चिकट आवरण. त्यात प्रथिनं कडक लेंडीच्या दुपटीहून जास्त, शिवाय ब जीवनसत्त्वं. ससा मान वळवून थेट मागूनच तोंड लावतो आणि न चावता गिळतो. त्या आवरणामुळे जठरातल्या आम्लातही आतले जंतू काही तास तग धरतात. घाईत पाहणाऱ्याला वाटतं, अंग चाटतोय. फ्रान्समधल्या मोरो नावाच्या पशुवैद्याने सशाच्या या दोन तऱ्हा १८८२ सालीच लिहून ठेवल्यात.

"एकाच पोटातून दोन तऱ्हा?"

"सुपात पाखडतो ना आपण, तसं. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला जाड कोंडा पुढे ढकलला जातो, आणि बारीक कण, पाणी, जंतू मागे त्या पिशवीत परततात. कोंडा पचवत बसायचं नाही, लवकर बाहेर काढायचा."

"म्हणजे फेकूनच देतो! मग माझी शेळी हुशार. काडी न् काडी पचवते."

पचवते खरी, आणि कोंड्याच्या बाबतीत ससा तिच्या जवळपाससुद्धा नाही. पण शेळीला वेळ आहे. देह लहान झाला की पोटही त्या मानाने लहान होतं, भूक मात्र त्या मानाने कमी होत नाही. दोन किलोच्या जिवाने दीड-दोन दिवस कोंडा धरून ठेवला तर नवा चारा मावणार कुठे?

"थांबा हं," वहिनींचे डोळे चमकले. "माझं माहेर कोयनेच्या अंगाला. तिथल्या रानात पिसोरी असते, सशापेक्षा कितीशी मोठी? आणि ती रवंथ करते. आता बोला!"

बोलती बंद व्हायची, पण भाचीने पिसोरीचंही सांगितलं होतं. जेमतेम तीन किलोचं हे हरणासारखं जनावर रवंथ करतं खरं, पण शेळीला चार कप्पे, तर हिला नीटसे तीनच. आणि वाळका चारा ती खात बसत नाही. गळून पडलेली फळं, कोवळी पानं असंच निवडून खाते. लहान पोटात रवंथ परवडायचा तर जिभेचे चोचले हवेत.

"आमच्या पुण्याच्या पुतणीकडे ते गिनी पिग आहे, त्याचं काय?"

"तेही खातं, दिवसातून कितीदा तरी. त्याच्या आतड्यात एक चर असते, तिच्यातून चिकट स्रावात अडकलेले जंतू मागे जातात. सशाइतकी सफाई नाही. आणि क जीवनसत्त्व त्याला अंगात बनवता येत नाही, तेव्हा ढोबळी मिरची, पेरू घालायला सांगा."

"आणि सशाला? गाजर, बिस्किट?"

"बिस्किट नातू घालतो, मी ओरडते. गेल्या साली लग्नघरचा भात खाऊन तुमची शेळी कशी आडवी झाली होती? तसंच. पिठूळ काही फार गेलं की जंतूंचं गणित बिघडतं. सशाला सुकं गवत हवं. पचत नाही फारसं, तरी हवंच. ते नसलं तर आतडं हलायचं थांबतं, आणि ओकारीही त्याला काढता येत नाही. अर्धा दिवस तोंड बंद दिसलं तर सरळ डॉक्टर. घरातली अमॉक्सिसिलिन मात्र पाजायची नाही. नको ते जंतू उरतात आणि ससा जातो."

वहिनींनी टाकलेली वैरण उचलली. "सुकं गवत आमच्याकडे आहे हो. भारा देते, पण फुकट नाही."

"मग गाजरं घ्या बदल्यात."

"नको गं बाई! एकदा गाजराची चटक लागली तर ही शेळी रोज गडगा ओलांडून तुमच्याकडेच येईल."