कल्याणच्या पुढचे परगाव

आफ्रिकेतल्या टेलिफोनवर विनोद करायचा तर विमानाचे तिकीट कशाला काढायचे? अंबरनाथ लोकल पकडावी आणि कल्याणनंतरच्या पहिल्याच स्थानकावर उतरावे. विठ्ठलवाडी. प्लॅटफॉर्मवर उतरलेल्या गर्दीतले निम्मे लोक कल्याण पूर्वेकडे पांगतात, निम्मे उल्हासनगरकडे, आणि सकाळी सगळे पुन्हा मुंबईच्या दिशेने लोंबकळतात. रेल्वेच्या लेखी हे मुंबईचेच उपनगर. पास चालतो, धक्केही अस्सल मुंबईचे मिळतात. लँडलाइनच्या काळात टेलिफोन खात्याच्या लेखी मात्र हे परगाव होते. ठाण्यापर्यंत एमटीएनएल आणि ०२२. कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर बीएसएनएलकडे आणि कोड ०२५१. म्हणजे दादरला सुखरूप पोचलेल्या माणसाने ‘पोचलो’ एवढे घरी कळवायचे म्हटले, तरी ती एसटीडी, म्हणजे परगावचा महागडा कॉल, ठरे. गाव किती लांब आहे हे रुळांवरून ठरत नाही, बिलावरून ठरते, असे म्हणायला एवढा पुरावा पुरे.

यावर कोणी म्हणेल, हा नुसता हिशेबाचा प्रश्न. त्याने माणसाच्या जगण्यात काय फरक पडतो? भलताच पडतो. बिल वाढते म्हटल्यावर माणूस बोलणे सोडून घंटा वाजवू लागतो. दोनदा वाजवून ठेवली की पोचलो, परत वाजली की गाडी लेट, कुकर लावू नका. पुढे मोबाइल आल्यावर या कलेला मिस्ड कॉल म्हणू लागले आणि तिला प्रतिष्ठा आली. पूर्व आफ्रिकेतली माणसेही अगदी हेच करत आली आहेत, आणि त्यांना ते कल्याणहून कोणी शिकवायला गेले नव्हते. सरकारलाही अधूनमधून दया येई. २००२ मध्ये जवळच्या एसटीडीसाठी ९५ या कोडचा स्वस्त मागचा दरवाजा उघडला. मुंबई शेजारीच आहे, हे पटायला खात्याला एकविसावे शतक उजाडावे लागले! खरी गंमत मोबाइलच्या परवान्यांत आहे. ते देताना मुंबई परिमंडळात मुंबई आणि नवी मुंबई यांच्याबरोबर कल्याण टेलिफोन्सचा भागही घातला गेला. त्यामुळे विठ्ठलवाडीच्या एकाच घरात खिशातला फोन मुंबईत आणि तिपाईवरचा परगावी, अशी फाळणी झाली.

आता आफ्रिकेकडे. केनियात घरोघरी तारा पोचल्याच नव्हत्या, म्हणून तिथला माणूस थेट मोबाइलवर आला. हा गरिबीचा परिणाम, त्यात कौतुक कसले, असा आक्षेप येतो. कारण खरे आहे, निष्कर्ष नाही. ज्याच्याकडे सांभाळायला जुने काही नसते त्याला नवे घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही. सफारीकॉम या तिथल्या फोन कंपनीने मार्च २००७ मध्ये एम-पेसा सुरू केले. बँकेत खाते नसलेला माणूस कोपऱ्यावरच्या दुकानात रोख भरून गावाकडच्या आईला साध्या फोनवरून पैसे धाडू लागला. त्या वेळी भारतात तारसेवा जिवंत होती, आणि पुढे जुलै २०१३ पर्यंत राहिली. यूपीआय आले २०१६ मध्ये. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने पैशाचा व्यवहार फोन कंपन्यांच्या हाती न सोडता बँकांच्या कह्यात ठेवला, ते शहाणपणाचेच, असेही म्हणता येईल. म्हणावे. केनियात त्या धंद्यावर एकाच कंपनीची पकड बसली, हेही खोटे नाही. पण शहाणपण नऊ वर्षे उशिरा आले, तर मधल्या काळात मनीऑर्डरची वाट पाहणाऱ्या आईला त्याचा उपयोग काय? मागासलेपणाचा शिक्का मारण्यापूर्वी तारखा तपासलेल्या बऱ्या. वाचकांपैकी कोणी नैरोबीला निघाले असेल, तर शिलिंगच्या नोटा बेताच्याच न्या. तिथले भाजीवालेही फोनवर पैसे घेतात.