आभारप्रदर्शन राहिलंच होतं, व्होर्स्टरसाहेब!

प्रति,
श्री. बाल्थाझार योहानेस व्होर्स्टर,
माजी न्यायमंत्री, माजी पंतप्रधान, माजी राष्ट्राध्यक्ष, दक्षिण आफ्रिका.

कृ. सा. न. वि. वि.

आमच्याकडे कुठलाही कार्यक्रम आभारप्रदर्शनाशिवाय संपत नाही. मंडपवाला, माइकवाला, चहावाला अशी सगळ्यांची नावं घेतली जातात आणि ज्याच्यामुळे कार्यक्रम घडला तो नेमका राहून जातो. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेला क्रिकेटच्या मैदानाबाहेर काढणाऱ्या चळवळीचंही तसंच झालंय. पीटर हेनचं नाव सगळे घेतात, डेनिस ब्रूटसचं घेतात, बेसिल डॉलिव्हेराचं तर घेतातच. पण या मंडळींना छळून, तासून, तयार करून इंग्लंडला धाडलं कुणी? तुम्ही आणि तुमच्या पक्षानं. १९८३ मध्ये तुम्ही गेलात, म्हणजे आभार मानायला उशीर झालाच. राग मानू नका.

सुरुवात हेन कुटुंबापासून करतो, कारण तिथे तुमच्या न्यायखात्यानं जातीनं लक्ष घातलं होतं. प्रिटोरियातले वॉल्टर आणि अ‍ॅडलेन हेन हे गोरं जोडपं, लिबरल पक्षाचे कार्यकर्ते. तुम्ही न्यायमंत्री असताना आधी तिच्यावर आणि मग त्याच्यावर बंदीहुकूम निघाला. बंदीतल्या माणसानं एका वेळी एकाहून जास्त माणसांना भेटायचं नाही, आणि बंदीतल्या दुसऱ्या माणसाशी तर बोलायचंच नाही. आता नवरा-बायको दोघंही बंदीत म्हटल्यावर पंचाईत झाली. शेवटी त्यांना एकमेकांशी बोलायची खास सवलत द्यावी लागली. घरातलं मीठ संपलंय हे नवऱ्याला सांगायला सरकारची परवानगी! संसारात इतकं लक्ष घालणारं सरकार आमच्या नशिबी तरी आलं नाही.

१९६५ मध्ये त्यांचे स्नेही जॉन हॅरिस फासावर गेले. जोहान्सबर्गच्या स्टेशनात हॅरिसनं ठेवलेल्या बॉम्बनं एका वृद्धेचा जीव घेतला होता. त्याचं समर्थन मी करणार नाही. पण अंत्यविधीच्या वेळी हेन दांपत्याला बोलायची बंदी, म्हणून त्यांचा पंधरा वर्षांचा मुलगा पीटर उभा राहिला आणि त्यानं वाचून दाखवलं. चारचौघांत उभं राहून बोलायचा धडा त्याला असा तुमच्या हुकमानं मिळाला. वडील आर्किटेक्ट, त्यांना काम मिळेनासं झालं. १९६६ मध्ये हे कुटुंब इंग्लंडला गेलं. पीडा टळली, असं तुम्हाला वाटलं असेल.

त्याच वर्षी तुम्ही डेनिस ब्रूटसलाही वाटेला लावलंत. हा शिक्षक, कवी. खेळातल्या वर्णभेदाविरुद्ध ‘सॅनरॉक’ नावाची संघटना त्यानं उभी केली होती. १९६३ मध्ये निसटू पाहताना तुमच्या पोलिसांनी त्याला गोळी घातली, मग रॉबेन बेटावर दगड फोडायला बसवलं. एवढं शिक्षण देऊन त्याला लंडनला सोडलंत. त्यानं तिथून ऑलिंपिकवाल्यांच्या मागे असा लकडा लावला, की १९७० मध्ये त्यांनी तुमच्या देशाला समितीतूनच काढून टाकलं.

आणि डॉलिव्हेरा. केप टाउनचा हा पोरगा तुमच्या वर्गवारीत ‘कलर्ड’, म्हणजे हाताला कितीही धावा लागल्या तरी देशाच्या संघाचं दार बंद. १९६० मध्ये तो लँकेशायरमध्ये क्लब क्रिकेट खेळायला गेला आणि १९६६ मध्ये इंग्लंडकडून कसोटी खेळला. ऑगस्ट १९६८ मध्ये त्यानं ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध १५८ धावा काढल्या, तरी दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यातून इंग्लंडच्या निवड समितीनं त्याला वगळलं! तुमची भीड किती दूरवर पोहोचत होती पाहा. त्याआधी तुमच्याकडच्या एका गृहस्थानं त्याला वर्षाला ४ हजार पौंडांची प्रशिक्षकाची नोकरीही देऊ केली होती. अट एवढीच, की त्यानं या दौऱ्याचा विचार सोडावा. तो बधला नाही. इंग्लंडात ओरड झाली, टॉम कार्टराइट दुखापतीमुळे बाहेर पडला आणि डॉलिव्हेरा आत आला.

दुसऱ्याच दिवशी, १७ सप्टेंबरला, ब्लूमफाँटेनला पक्षाच्या मेळाव्यात तुम्ही जाहीर केलंत, की हा एमसीसीचा संघच नव्हे, हा वर्णद्वेषविरोधी चळवळीचा संघ आहे. टाळ्याही पडल्या, दौरा बारगळला. साहेब, त्या भाषणाचे आभार मानावे तेवढे थोडे. ‘खेळात राजकारण आणू नका’ हे लॉर्ड्सच्या दिवाणखान्यातलं आवडतं वाक्य होतं. चळवळीच्या लोकांनी वर्षानुवर्षं पत्रकं वाटूनही ते मोडलं नव्हतं. तुम्ही माइकसमोर उभं राहून एका संध्याकाळी मोडलंत.

पुढचा हंगाम तुमच्या निर्यात मालाचा. सप्टेंबर १९६९ मध्ये लंडनमध्ये तुमच्या क्रिकेट संघाच्या इंग्लंड दौऱ्याविरुद्ध ‘सत्तरचा दौरा थांबवा’ ही मोहीम सुरू झाली आणि तिचा म्होरक्या कोण, तर प्रिटोरियाचा तोच पीटर हेन, वय १९, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. क्रिकेटला अवकाश होता, म्हणून पोरांनी आधी तुमच्या रग्बी संघावर हात साफ केला. ऑक्सफर्डशी पहिला सामना. तो ऑक्सफर्डला खेळवायची छाती झाली नाही, जागा शेवटपर्यंत गुपित ठेवून ट्विकनहॅमला उरकावा लागला. तीन महिने गावोगाव पोलिसांची रांग, मैदानात उड्या मारणारे विद्यार्थी, धुराचे बाँब. एका पठ्ठ्यानं तर संघाच्या बसमध्ये शिरून स्टिअरिंगलाच स्वतःला जखडून घेतलं. स्वान्सीला स्वयंसेवकांनी आंदोलकांना इतकं बदडलं, की तटस्थ लोकांचीही सहानुभूती पोरांकडे वळली. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड, वेल्स, चारही देशांशी सामने झाले. तुमचा संघ दोन हरला, दोन बरोबरीत सुटले, जिंकला एकही नाही.

पण नुसत्या पोरांनी दौरा थांबला नसता, हे मला त्या मोहिमेतलं सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं. पोरं कुंपणावरून उड्या मारत होती आणि त्याच वेळी डेव्हिड शेपर्ड सभा घेत होते. इंग्लंडचे माजी कर्णधार, तोवर बिशप झालेले. १९६० मध्येच त्यांनी तुमच्या संघाशी खेळायला नकार दिला होता. मैदानात घुसणं त्यांना पसंत नव्हतं, त्यांनी सभ्य लोकांची वेगळी आघाडी काढली. वेस्ट इंडियन स्थलांतरितांची वेगळी, कामगार संघटनांची वेगळी. आफ्रिकी देशांनी एडिनबराच्या राष्ट्रकुल स्पर्धांवर बहिष्काराची धमकी दिली. एकमेकांच्या पद्धती एकमेकांना फारशा न आवडणारी ही माणसं, पण निशाणा एकच होता. लॉर्ड्सभोवती काटेरी तार लागली, २८ सामन्यांचा दौरा १२ वर आला आणि २२ मे १९७० रोजी गृहमंत्री कॅलहन यांच्या विनंतीवरून रद्दच झाला. क्रिकेटच्या पंढरीला काटेरी कुंपण घालायला लावणारे पंतप्रधान जगात तुम्हीच.

त्या उन्हाळ्यात मोकळ्या पडलेल्या तारखांना इंग्लंडविरुद्ध शेष विश्व संघ खेळला, त्याची मजा तर और. तुमचे ग्रॅमी पोलॉक, बॅरी रिचर्ड्स, माइक प्रॉक्टर त्यात होते. कर्णधार गॅरी सोबर्स! यष्ट्यांमागे कधी आमच्या मुंबईचा फारूख इंजिनिअर. तुमच्या राज्यात केप टाउनमध्ये जे घडूच दिलं नसतं, ते तुमच्याच कृपेनं लॉर्ड्सवर झालं. रिचर्ड्सच्या वाट्याला आयुष्यात ४ कसोट्या आल्या, सरासरी ७२. त्याचं मला खरंच वाईट वाटतं. मात्र ज्यांना चारही मिळाल्या नाहीत त्या काळ्या खेळाडूंची सरासरी तुम्ही कुणाला मोजूच दिली नाहीत.

आमचाही खारीचा वाटा होता. १९७४ मध्ये डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत भारत पोहोचला, समोर तुमचा देश. आम्ही खेळलो नाही आणि चषक तुमच्या घरी गेला. न खेळता मिळालेला तो चषक पुसायला तुम्ही माणूस ठेवला होतात का?

१९७६ बद्दल आभार मानताना माझी जीभ अडखळते. सोवेटोच्या काळ्या पोरांना गणित आफ्रिकान्समधून शिकायला लावायचं, हे तुमचं सरकार. १६ जूनला पोरं मोर्चा घेऊन निघाली, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, बारा वर्षांचा हेक्टर पीटरसन गेला. इथे उपरोध करायला माझ्याकडे शब्द नाहीत, तुमच्याकडे असतील तर पाहा.

हेनला १९७२ मध्ये टपालानं बाँब आला होता, फुटला नाही. पाठवणाऱ्याचं नाव पाकिटावर नव्हतं. माझ्या पाकिटात मात्र कागदच आहे, निर्धास्त उघडा. तो पोरगा पुढे ब्रिटनच्या सरकारात आफ्रिकेचा कारभार पाहणारा मंत्री झाला. तुमचे खेळाडू आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये परतले १० नोव्हेंबर १९९१ रोजी, ईडन गार्डन्सवर. तेव्हा मंडेला तुरुंगाबाहेर होते. प्रवीण आमरेनं पदार्पणात ५५ केल्या, अठरा वर्षांच्या तेंडुलकरनं ६२. दोघंही आमचे. पाहुणचारात कमी पडलो नाही आम्ही.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक क्रिकेटवेडा मराठी माणूस

ता. क. : डॉलिव्हेरा ओव्हलवर खेळला त्याच ऑगस्टमध्ये जोहान्सबर्गला पोलिसांची निळी टोलेजंग इमारत तुमच्या नावानं उघडली होती. १९७१ मध्ये तिच्या दहाव्या मजल्यावरून अहमद तिमोल हा २९ वर्षांचा शिक्षक खाली पडला. त्यानं स्वतः उडी मारली, असं पोलिसांनी सांगितलं आणि न्यायालयानं मान्यही केलं. कुटुंबानं पिच्छा सोडला नाही. २०१७ मध्ये प्रिटोरियाच्या न्यायालयानं निकाल दिला, की तो खून होता. इमारतीवरचं तुमचं नाव तर १९९७ मध्येच उतरवलं. त्या खात्यातले तुमचे जुने सहकारी तिकडे भेटत असतील, तर तेवढा निकाल त्यांना वाचून दाखवा.